जुनं घर हाती घेताना: आधी छप्पर, शेवटी ओसरी

जुन्या नाशकातलं घर स्वतःच दुरुस्त करायचं ठरलं की बहुतेक लोक पहिला हात पुढच्या खोलीला घालतात. पाहुणे तिथे बसतात, रंग तिथे उठून दिसतो, आणि पहिल्या आठवड्याचा उत्साह तिथेच खर्ची पडतो. मग जुलैत माळ्यावरून पाणी झिरपतं, नव्या रंगाला पोपडे सुटतात आणि तीच भिंत पुन्हा खरवडायला लागते. अशा घरात खोल्यांचा क्रम पाणी ठरवतं. पाणी जिथून घरात शिरतं ती जागा आधी, जिथून बाहेर पडतं ती त्यानंतर, आणि माणसं बसतात ती सगळ्यात शेवटी. पुढची तयारी याच क्रमाने लिहिली आहे. डोळ्यासमोर घर आहे ते दगडी जोत्याचं, सागवानी खांबांचं, वर कौलं किंवा पत्रे असलेलं दुमजली. सिडकोतल्या किंवा कॉलेज रोडच्या जुन्या स्लॅबच्या घराला यातलं निम्मं तरी लागू पडेल.

घमेलं-फावडं आणायच्या आधी कागद बघा. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि त्यावर किती नावं आहेत ते मोजा. आजोबांच्या नावावर राहिलेल्या घरात चुलते, आत्या, त्यांची मुलं असे हिस्सेदार निघतात. आणि पत्रे बदलेपर्यंत गप्प बसलेला माणूस फरशी बसली की बोलायला लागतो. सगळ्यांची लेखी संमती घ्या, साध्या कागदावर का होईना. भाडेकरू असेल तर कोणत्या खोलीत कधी काम चालणार हे त्यालाही लिहून द्या. गिलावा, रंग, फरशी, कौलं फेरणं असल्या डागडुजीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. भिंत पाडायची, मजला चढवायचा, ओटा पुढे काढायचा तर लागते. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 ची, म्हणजे धोकादायक घराची नोटीस आलेली असेल, तर हे काम घरच्या घरी करायचंच नाही. तसंही त्याच अधिनियमाच्या कलम 265 अ प्रमाणे 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. तो अहवाल हातात आला की कोणत्या भिंतीला हात लावायचा नाही, हे एकदाच ठरून जातं आणि घरातले वादही मिटतात.

घर गोदाकाठच्या पूररेषेत येतं का, हे नगररचना विभागात जाऊन नकाशावर बघा. नकाशा कळला नाही तर गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा: गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आपल्याकडे पाणी कुठवर होतं? सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नारोशंकराची घंटा ही नाशिककरांची पूरमापकं; गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं यापेक्षा ती लवकर समजतात. 2008 किंवा 2016 च्या पुराचा डाग ज्या भिंतीवर आहे, तिथे सॉकेट त्या डागाच्या वरच घ्यायचे, प्लायवूडचं कपाट लावायचं नाही, आणि मीटर तर मुळीच नाही.

दिवस ठरवताना मुहूर्त घरच्यांवर सोडा. पावसाचं गणित तुम्ही करा. दिवाळी ते होळी हा सोन्यासारखा काळ. ऊन कडक नसतं, चुन्याचा गिलावा सावकाश सुकतो, त्याला तडे जात नाहीत. एप्रिल-मेमध्ये सुतारकाम, वायरिंग, रंग चालतात, पण गिलावा नको. मृग लागायच्या आत छप्पर आणि पन्हळ पक्के झालेले हवेत. बरेच मजूर पेठ-सुरगाण्याकडचे असतात. ते होळीला गावी गेले की लगेच परत येतील असं धरू नका. रंगपंचमीला तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा भागात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, त्या दिवशी तिथे वाळूचा टेम्पो मागवणारा माणूस बाहेरगावचाच असणार. बुधवारी पंचवटीच्या बाजूला बाजाराची गर्दी, आणि 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद. हे सगळं आधी कॅलेंडरवर टिपून ठेवा.

आता घर तपासायचं. एक वही, खडू, टॉर्च, ओळंबा, जाड दांड्याची हातोडी आणि बारीक टोकाचा स्क्रूड्रायव्हर एवढं पुरे. सागवान वर्षानुवर्षं टिकतं हे खरं, पण तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं ते आधी कुजतं. तिथे ओल असते आणि हवा नसते. म्हणून तुळईच्या मध्यावर ठोकून समाधान मानू नका. शिडी लावून भिंतीलगत जा. हातोडीच्या दांड्याने मध्यापासून टोकाकडे ठोकत सरका. शाबूत लाकूड टणटणीत बोलतं. भिंतीजवळ येता येता आवाज बद्द झाला की थांबा आणि स्क्रूड्रायव्हर टोचा. धड सागवानात टोक दोन-तीन मिलिमीटरवर अडतं, काढताना जोर लागतो. कुजलेल्यात ते शिळ्या भाकरीत शिरावं तसं करकरत आत जातं आणि बाहेर येताना तपकिरी भुसा घेऊन येतं. अशा प्रत्येक टोकाला खडूने फुली मारा, वहीत खण (दोन तुळयांमधली जागा) मोजून लिहा. फुल्यांच्या जागी टेकू देण्याचं आणि तुळई जोडण्याचं काम अनुभवी सुताराचं, तिथे हौस नको. भिंतीला भेग असेल तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा आडवा लावून तारीख टाका. महिन्या-दोन महिन्यांत पट्टा तडकला तर भेग जिवंत आहे, आधी इंजिनिअरला दाखवा.

वजनाचा हिशोबही याच वेळी करा, कारण इथे फार लोक फसतात. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांच्या, वरच्या मजल्यावर आधीच माती-कोब्याचा थर असतो. त्यावर दोन इंच मसाला घालून नवी फरशी बसवली की दहा बाय दहाच्या खोलीत साधारण एक टन वजन वाढतं. जुना थर काढल्याशिवाय नवा घालू नका. सिमेंटची गोणी 50 किलोची. दहा गोण्या वर एका कोपऱ्यात रचणं म्हणजे अर्धा टन भार दोन कड्यांवर. माल खालीच ठेवा, लागेल तसा वर न्या, कंटाळा आला तरी.

छप्पर. कौलं उतरवताना खालून वर नव्हे, आढ्याकडून खाली या, आणि रचताना कडेवर उभी रचा. हातमोजे घाला, जुन्या कौलांखाली विंचू सापडतोच. मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं, ते टिपून घ्या. दुसऱ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसत नाही आणि तिथूनच गळती सुरू होते. म्हणून पाडलेल्या वाड्याची जुनी कौलं मिळत असतील तर नव्यापेक्षा ती घ्या. रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, बदलताना वासेही ठोकून बघा. पन्हळ स्वस्तातली घेऊ नका, पावसाळ्यात घर तिच्याच भरवशावर असतं. वर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला: कापायचे नाहीत, कोरडे भोक पाडायचे नाहीत, पाणी मारून अखंड उतरवायचे.

छपराला लागूनच येते ती उघडी पडलेली भिंत. शेजारचा वाडा पडला किंवा पाडला की तुमची बाजूची भिंत, जी आयुष्यभर दोन घरांच्या मध्ये कोरडी उभी होती, ती एकदम पावसाच्या तोंडी येते. तिला गिलावा नसतो, बऱ्याचदा ती मातीच्या मसाल्यातली असते. जुन्या नाशकात किती घरांना ओल येते ती याच भिंतीतून, आणि माणसं दोष देतात रंगाला. शेजारच्या मालकाला सोबत घेऊन फोटो काढा, त्याच्या जागेत परांची बांधायची परवानगी घ्या, आणि पहिल्या पावसाच्या आत तिला बाहेरून गिलावा किंवा निदान उभे पत्रे ठोका. तिच्या पायथ्याशी राडारोड्याचा ढीग असेल तर तो हलवल्याशिवाय आतून काहीही करून उपयोग नाही.

गिलाव्याबद्दल माझं मत ठाम आहे: माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट नको. अशी भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच अडकते, खार फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्राच सुटून येतो, कधी दगडाची कपची घेऊन. एक भाग चुना, तीन भाग वाळू, हे जुनं प्रमाण चालतं. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना आणलात तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो, उडतो, डोळा जाऊ शकतो. चष्मा लावूनच. मुलांना त्या पिंपाजवळ फिरकू देऊ नका. गिलावा झाल्यावर काही दिवस पाणी शिंपडत राहा. ओल नक्की कुठून येते हे कळत नसेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवा. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेतली.

वाळवीचं काम फरशीच्या आधी. क्लोरपायरिफॉस 20 टक्क्यांचं मिळतं. एक लिटर औषधाला 19 लिटर पाणी. भिंत आणि जमीन जुळते तिथे फूट-फूट अंतरावर भोकं पाडून ते ओततात. विहीर किंवा हापसा जवळ असेल तर माहीतगार माणसाला बोलवा. त्या दिवशी घरात स्वयंपाक नको आणि मांजरही नको.

वायरिंग. लाकडी पट्टीवरची जुनी वायर दुरुस्त करत बसू नका, पूर्ण काढा. जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज असतो. तोच उडाला तर दिवा विझतो पण तारेत वीज असते, म्हणून दिवा बंद म्हणजे लाईन बंद असं समजू नका, टेस्टर लावा. खाचा खोदणं, पाइप टाकणं, बॉक्स बसवणं तुम्ही करा. जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडून. दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर. अर्थिंग नवीन हवं आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, हवाच. मीटरचं सील महावितरणचं, त्याला हात लावायचा नाही. खाचा बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोजायची टेप लावून फोटो काढा.

मग मोरी आणि संडास, पण दोन्ही एकदम कधीच फोडू नका. घरात म्हातारं माणूस असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. वरच्या मजल्यावर मागाहून काढलेली मोरी ही या घरांची दुखरी जागा. तिच्याखालचा कडीपाट काळा पडलेला असतो. ती खाली आणता आली तर उत्तम. फरशीला नाहाणी ट्रॅपकडे दर मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर उतार. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, पातळीला पेन्सिलची रेघ मारा आणि 48 तास तसंच ठेवा. थोडं पाणी हवेत उडतं, पण रेघ ठळकपणे खाली उतरली किंवा खालून ओल दिसली तर टाइल्सवाल्याला परत पाठवा, त्याने कितीही तोंड वाकडं केलं तरी. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप.

स्वयंपाकघर हाती घ्याल त्या दिवसांत माजघरात कडप्प्याचा एक तुकडा, गॅस आणि पाण्याचं पिंप मांडून तात्पुरती सोय करा. देवही तिथेच. घरातल्या बाईला आठवडाभर आधी सांगा, आदल्या रात्री नव्हे. दम्याचा त्रास असणाऱ्याने धुळीच्या दिवसांत नातेवाइकांकडे राहिलेलं बरं.

मधल्या खोल्यांत फारसं काही नाही: कोनाडे, फडताळं, खिडक्यांचे कोयंडे. ऑइलपेंटच्या जुन्या दारांना मात्र कोरडा पॉलिशपेपर मारू नका. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओला कागद वापरा, मास्क लावा, खरवड गोळा करून पिशवीत बांधा. शहाबादी फरशी शाबूत असेल तर काढू नका. ती धुवायला ॲसिडही नको, चुनखडीच्या दगडाला ॲसिड खातं. साधा साबण, काथ्या आणि मग पॉलिशवाला.

ओसरी आणि पुढची खोली आता. तोपर्यंत पैसे संपत आलेले असतात, म्हणून सुरुवातीलाच एकूण अंदाजाचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला छपराच्या वेळी हात लावू नका. रंगासाठी चुन्याची सफेदी पुरते, डिंक घालून. प्लास्टिक पेंट या भिंतींना मानवत नाही. उरलेली दहा-वीस कौलं, फरशीची एक पेटी, वायरिंगचे फोटो आणि ती वही जिन्याखाली एकत्र ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की टॉर्च घेऊन माळ्यावर जा. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने गोल करा, पण पावसात कौलांवर चढू नका. उघडीप मिळाली की सकाळी दव वाळल्यावर, दोरी कमरेला बांधून, खाली एक माणूस उभा करून मगच चढा.