पॉवर मीटर लावलात? मग या चुका टाळा

दरवर्षी पावसाळा सरला की आमच्या ग्रुपमध्ये दोन-तीन जण सायकलला नवा पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॅट्समध्ये मोजणारं यंत्र, लावून येतात आणि दिवाळीपर्यंत तोच प्रश्न विचारतात: "झोन टूच करतोय, तरी पाय दगडासारखे का?" झोन टू म्हणजे तासन्‌तास चालवता येईल असा हलका जोर. पाय दगड होतात, कारण तो झोन टू नसतोच.

सगळे झोन, म्हणजे जोराच्या पायऱ्या, उभे असतात एफटीपीवर (फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर), म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा वॅट्सवर. व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांच्या सात झोनच्या तक्त्यात एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्के म्हणजे झोन टू, ७६ ते ९० टेम्पो, ९१ ते १०५ थ्रेशोल्ड. पायाच चुकला तर वरचे सगळे मजले चुकतात.

आमच्यातल्या एका पोराने मित्राच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, वीस मिनिटांची टेस्ट दिली. सरासरी ३०५ वॅट्स. वीस मिनिटांचा जोर तासभर टिकत नाही, म्हणून त्याचे पंचाण्णव टक्के काढून एफटीपी २९०. स्वारी खूश! सहा आठवडे त्याने स्वतःच्या सायकलवर २१० वॅट्सने 'झोन टू' केला. इंटरव्हलच्या, म्हणजे थांबून थांबून जोर मारायच्या, दिवशी मात्र तिसऱ्या सेटला मान टाकायचा. मी विचारलं, ट्रेनर कॅलिब्रेट केला होता, म्हणजे त्याचा आकडा बरोबर येतोय का ते जुळवून घेतलं होतं? "ते काय असतं?" चाक रोलरवर दाबून बसवायचा जुना ट्रेनर, टायरमध्ये हवा किती तेही कुणी पाहिलं नव्हतं. आकडा फुगवून दाखवत होता. त्याच्याच सायकलच्या क्रँकवरच्या (पॅडलच्या दांडीवरच्या) मीटरवर पुन्हा टेस्ट घेतली. सरासरी २४७, एफटीपी २३५. म्हणजे झोन टूची वरची हद्द १७६, आणि हा गडी २१० वर, टेम्पोच्या पार टोकाला. नवा आकडा ऐकून आठवडाभर रुसला होता.

ज्या मीटरवर ट्रेनिंग, त्याच मीटरवर टेस्ट. माझी सवय सांगतो: पहाटे सायकल आधी गॅलरीत काढून ठेवतो, मग चहा टाकतो. चहा होईपर्यंत मीटर बाहेरच्या थंडीला सरावतो. मग डावा क्रँक खाली सोडून झिरो ऑफसेट, म्हणजे जोर नसताना मीटर शून्यावर आणणं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण तेवढाही धीर नसतो लोकांना.

टेस्टमधल्या चुका तर ठरलेल्या. पंचाण्णव टक्के न काढता वीस मिनिटांचा आकडा तसाच भरायचा. आधीची पाच मिनिटांची जीव तोडून मारायची राइड गाळायची, कारण ती दुखते. पण ती गाळली की आकडा फुगतो. पहिल्या तीन मिनिटांत हिरोगिरी करायची. ॲपने आपणहून दिलेला एफटीपी? तो मी वाचतो आणि विसरतो.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे सरासरी बघणं. एफटीपी २३५ असताना कात्रजचा घाट २३० ने चढायचा, पलीकडे पॅडल न मारता उतरायचं आणि घरी येऊन म्हणायचं, सरासरी १५०, झोन टू झाला! अहो, चढताना तुम्ही थ्रेशोल्डला होतात आणि उतरताना आराम करत होतात. झोन टू झालाच कधी? झोनमध्ये किती मिनिटं गेली ते बघा. झोन टूच्या दिवशी मी घाटाकडे फिरकत नाही, सपाट रस्ता धरतो. उड्डाणपुलावर पुढची लहान चकती घालतो. एखादे काका दुधाच्या कॅनसकट पुढे निघून जातात, जाऊ द्यावं.

बाकीचं थोडक्यात. स्क्रीनवर तीन सेकंदांची सरासरी लावा, नाहीतर आकडा बेडकासारखा उड्या मारतो. तीस सेकंदांच्या स्प्रिंटला हार्ट रेट बघू नका, तो मागून येतो. मे महिन्याच्या उन्हात मात्र त्याचं ऐका. वॅट्स तेच असले तरी ठोके चढत चालले की मी वॅट्स सोडतो. फक्त डाव्या पायाचा मीटर डावीकडचा आकडा दुप्पट करून दाखवतो, दोन्ही पाय सारखे नसले तरी, म्हणून दोन मित्रांनी वॅट्सवरून भांडू नये. आणि ७५ टक्क्यांचा ७६ झाला म्हणून शरीरात कुठला दिवा लागत नाही, त्या रेषा कागदावरच्या आहेत.

टेस्ट मी दर सहा-आठ आठवड्यांनी घेतो. आदल्या रात्री मिसळ नाही.