बर्नआउटमधून बाहेर कसा आलो
नुसतं झोपून माझा थकवा गेला, पण कामाची चीड तशीच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट आजार नाही, कामाशी संबंधित अवस्था आहे असं मांडलंय, त्यात थकव्यासोबत कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावनाही येते, म्हणजे झोप एकटी किती पुरणार! मग ऑफिसचं मेल फोनमधून उडवलं आणि एका जुन्या मित्राला रोज संध्याकाळी कॉल लावायला लागलो, विषय काहीही पण काम नाही. सुरुवातीला काही सुचायचंच नाही राव, तो बडबडायचा नि मी ऐकायचो, तरी बरं वाटायचं. परत जॉइन होताना मॅनेजरशी बोलून रात्रीचे कॉल मात्र बंद करून घेतले, ते महत्त्वाचं.