सोंगणीचे दिवस नेमके कसे धरावेत

‘पाच एकर सोयाबीन, चार दिवसांत सोंगून-काढून मोकळे,’ असा हिशेब दसऱ्याच्या सुमारास घरोघरी होतो. पोती घरात पडेपर्यंत दहा-बारा दिवस जातात. आळस कारणीभूत नसतो. अंदाज धरताना सगळं सुरळीत चालेल असंच आपण मानतो. मागच्या साली लागलेले दिवस आठवतात, पण ‘तेव्हा पाऊस आला होता’ म्हणून ते सोडून देतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीवर बोट ठेवलं. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस धरले होते, लागले ५५.

आधी काम फोडा. वहीत नुसतं ‘सोंगणी’ लिहू नका. बाया ठरवणं, सोंगणी, वाळवण, सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) लावणं, थ्रेशरचा नंबर, मळणी, दाणे वाळवणं, पोती भरणं, गाडी: प्रत्येकाला वेगळी ओळ.

आता प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे मांडा, हाताला लागणारा वेळ आणि वाट पाहण्याचा वेळ. खरी चूक इथेच होते. मळणी दिवसभरात उरकते, पण थ्रेशर दारात यायला तीन-चार दिवस जातात, कारण अख्ख्या गावाचं सोयाबीन एकाच आठवड्यात पिकतं. दाण्यांचंही तसंच. हमीभाव खरेदीत ओलाव्याचा नेहमीचा निकष १२ टक्क्यांचा. आभाळ आलं की वाळवणीचे दिवस वाढतात.

मग गेल्या दोन-तीन हंगामांत धरलेले आणि लागलेले दिवस शेजारी मांडा. सहा धरले नि नऊ लागले, तर यंदाचा तुमचा ढोबळ अंदाजही दीडपट करा. ओळींची बेरीज वेगळी आली तर मोठा आकडा घ्या. जुनी नोंद नसेल तर थ्रेशरवाल्याला विचारा. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज सांगताना माणूस सगळं सुरळीत चालेल असं सहसा धरत नाही.

हरभरा पेरायची तारीख ठरवा आणि तिथून उलटे मोजत या. जादाचे दिवस ओळीओळीत वाटू नका, काम तेवढं पसरतं. सगळे मळणीच्या आधी एकत्र ठेवा, परतीचा पाऊस तिथेच गाठतो.

थ्रेशर आणि ताडपत्री सोंगणीला हात लावण्याआधी पक्की करा. ताडपत्रीखाली जेवढी सुडी मावेल, त्याहून जास्त एका दमात सोंगू नका. भिजलेल्या शेंगांत दाण्याला कोंब फुटतात.