हॅब्सच्या पोरांची यादी कशी लावायची: एनएचएल प्रॉस्पेक्ट रँकिंग घरच्या घरी

हॉकी म्हणजे इथे आइस हॉकी, आपली धनराज पिल्लेवाली नाही. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग, तिच्यात ३२ टीम आहेत, दर उन्हाळ्यात ड्राफ्ट होतो, म्हणजे टीम पाळीपाळीने नवीन पोरांचे हक्क घेतात, सात राउंड, साधारण सव्वादोनशे पोरं उचलली जातात आणि त्यातली बहुतेक जेमतेम १८ वर्षांची. पण उचललं म्हणजे लगेच टीममध्ये आलं असं नाहीये, पुढची दोन ते पाच वर्षं ही पोरं कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये, अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये, स्वीडन फिनलंड रशियात किंवा एनएचएलच्या खालच्या एएचएलमध्ये खेळत असतात आणि टीमचे फॅन त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. अशा पोरांनाच प्रॉस्पेक्ट म्हणतात. मी मॉन्ट्रियल कनेडियन्सचा, म्हणजे हॅब्सचा, त्यामुळे उदाहरणं जास्त त्यांचीच येतील, पण पद्धत कुठल्याही टीमला चालते.

सगळ्यात आधी प्रॉस्पेक्ट कोणाला म्हणायचं ते ठरवा आणि यादीच्या डोक्यावर लिहून टाका. हे न ठरवता बसलात की अर्धा वेळ "अरे हा तर आता खेळाडू झाला, याला कशाला घेतलास" यातच जातो. सोपा मार्ग म्हणजे काल्डर ट्रॉफीचा नियम उचलायचा, ही नवख्यांसाठीची ट्रॉफी आहे: आधीच्या कुठल्याही एका सीझनमध्ये २५ पेक्षा जास्त एनएचएल सामने नकोत, कुठल्याही दोन सीझनमध्ये प्रत्येकी सहा किंवा जास्त नकोत, आणि वय २६ च्या आत. वयाची अट का आली माहितेय का? १९९० मध्ये सर्गेई मकारोव्हने ती ट्रॉफी ३१ व्या वर्षी जिंकली, सोव्हिएत संघाकडून सगळं जग जिंकून झाल्यावर. मी स्वतः वय अजून खाली आणतो, २३, कारण २४-२५ वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये असेल तर त्याच्याबद्दल बरंचसं कळून चुकलेलं असतं.

आता खरा प्रश्न, यादी कशाची लावतोय? आज कोण भारी खेळतोय याची की २५ व्या वर्षी कोण कुठे असेल याची? माझं ठाम मत आहे की दुसरीच लावायची, पहिली लावायला स्टॅट्सचं पान पुरतं. आणि यात टीमची गरज अजिबात मिसळायची नाही. हॅब्सना वर्षानुवर्षं चांगला सेंटर (तिघांच्या आक्रमक फळीतला मधला खेळाडू) हवा होता, २०१८ ला तिसऱ्या नंबरवर त्यांनी येस्पेरी कोटकानिएमी घेतला, चौथ्यावर ओटावाने ब्रेडी टकाचक घेतला, सातव्यावर व्हँकुव्हरने क्विन ह्यूज, जो पुढे २०२४ ला लीगमधला सर्वोत्तम डिफेन्समन (बचावपटू) ठरला. कोटकानिएमी २०२१ मध्येच कॅरोलायनाला गेला. गरज दर दोन वर्षांनी बदलते, पोराचा दर्जा तसा बदलत नाही.

मग आकडे. इथे घाई करू नका, कारण बहुतेक याद्या इथेच घसरतात.

पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट) बघण्याआधी जन्मतारीख बघा. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरची कटऑफ असते, तोपर्यंत १८ पूर्ण पाहिजेत. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा, दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, मग ते वर्ष तो झुरिकला मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६ ला पहिल्या नंबरवर गेला. म्हणजे एकाच ड्राफ्टमधल्या दोन पोरांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि १७-१८ च्या वयात एक वर्ष म्हणजे खूप झालं, उंची, ताकद, डोकं सगळंच बदलतं. उलट बाजूनेही तेच. अर्शदीप बेन्स, आपल्या देसी लोकांना त्याचं विशेष कौतुक आणि ते असायलाच पाहिजे, २०२१-२२ मध्ये डब्ल्यूएचएलमध्ये (कॅनडाच्या तीन ज्युनियर लीगपैकी एक) ११२ पॉइंट्स करून लीगमध्ये पहिला आला. त्याला कोणीच ड्राफ्ट केलं नव्हतं, व्हँकुव्हरने फ्री एजंट (कुठल्याही टीमचा हक्क नसलेला खेळाडू) म्हणून घेतला आणि फेब्रुवारी २०२४ ला तो एनएचएलमध्ये उतरलासुद्धा. पण ते ११२ पॉइंट्स त्याने वयाच्या २१ व्या वर्षी केले, समोर कित्येक पोरं १७-१८ ची. हेच पॉइंट्स १७ व्या वर्षी कोणी केले असते तर तो ड्राफ्टमध्ये पहिल्या दोनचारात गेला असता. मेहनत तीच, पण भविष्याचा अंदाज वेगळा.

दुसरं, लीग. पाटा विकेटवरचं शतक आणि कांगा लीगमध्ये भर पावसात काढलेले चाळीस रन यांची तुलना आपण सरळसरळ करत नाही ना, तसंच इथे. यासाठी एनएचएल इक्विव्हलन्सी म्हणून एक हिशोब वापरतात: एखाद्या लीगमधून एनएचएलला गेलेल्या खेळाडूंचे पॉइंट्स सामन्यामागे किती घसरले ते बघायचं आणि त्यावरून त्या लीगचा एक गुणक काढायचा. रशियाच्या केएचएलचा गुणक सगळ्यात वर, मग स्वीडनची लीग आणि एएचएल, त्याखाली अमेरिकन कॉलेज आणि कॅनडाच्या तीन ज्युनियर लीग. प्रत्येकाचं मॉडेल थोडं वेगळं असतं म्हणून दशांशात अडकू नका, क्रम महत्त्वाचा. आणि यातली मेख लक्षात ठेवा, हा गुणक फक्त वर गेलेल्या पोरांवरून काढलेला असतो, जे गेलेच नाहीत ते या हिशोबात नसतातच, त्यामुळे आकडा नेहमी जरा गोड दिसतो.

तिसरं म्हणजे पॉइंट्स आले कुठून. अर्धेअधिक पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना) आलेत का? त्याच्या लाइनमध्ये, म्हणजे सोबत उतरणाऱ्या तिघांत, कोण होतं, पुढच्या ड्राफ्टचा टॉप पोरगा तर नव्हता ना? आणि आइस टाइम, म्हणजे बर्फावरची मिनिटं, किती मिळाला? इव्हान डेमिडोव्हचं बघा, हॅब्सने २०२४ ला पाचव्या नंबरवर घेतला, २०२४-२५ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या स्का क्लबकडून केएचएलमध्ये खेळला, सीझनच्या सुरुवातीला काही सामन्यांत कोचने त्याला अगदी मोजक्या मिनिटांसाठीच सोडलं, तरी ६५ सामन्यांत ४९ पॉइंट्स, तेही १९ व्या वर्षी. नुसतं ४९ बघितलं तर ठीकठाक वाटेल, पण वय, लीग आणि मिनिटं तिन्ही लावली की कळतं हा पोरगा वेगळा आहे. एप्रिल २०२५ मध्ये तो मॉन्ट्रियलला आला आणि शिकागोविरुद्ध पहिल्याच सामन्यात एक गोल एक असिस्ट, हॅब्सच्या घरच्या मैदानावर, बेल सेंटरमध्ये, त्या रात्री लोक वेडे झाले होते.

आकडे झाले की बघायचं, आणि हायलाइट्स बघू नका, कळकळीने सांगतो. हायलाइटमध्ये सगळेच भारी दिसतात. पूर्ण सामना लावा आणि पकच्या (खेळातल्या रबरी चकतीच्या) मागे न जाता एकाच पोराच्या मागे डोळे ठेवा, शिफ्ट सुरू झाल्यापासून तो बेंचवर बसेपर्यंत. पक यायच्या आधी तो मान वळवून मागे बघतो का? पक गेल्यावर परत धावतो की उभा राहून हात हलवतो? पहिली तीन पावलं कशी आहेत, कारण टॉप स्पीडपेक्षा ती तीन पावलं एनएचएलमध्ये जास्त उपयोगी पडतात. ज्युनियरमध्ये सहा फूट तीन इंची दांडगा पोरगा नुसत्या ताकदीवर गोल करतो, समोरची पोरं अजून वाढतायत, पण वर गेल्यावर सगळेच दांडगे असतात आणि मग त्याच्याकडे दुसरं काही आहे का हा प्रश्न येतो. शक्य असेल तर टीम हरलेली मॅच बघा. जिंकताना सगळे छानच असतात, ०-४ ने मागे असताना तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, पिरियडमध्ये पोरगा काय करतो ते बघण्यासारखं असतं.

उंचीबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे कारण यावर माझा जीव जळतो. लेन हटसन, जेमतेम पाच फूट नऊ इंच, डिफेन्समन, २०२२ ला ६२ वा गेला. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून ३९ सामन्यांत ४८ पॉइंट्स, डिफेन्समन असून! तरी लोक म्हणत राहिले की एनएचएलमध्ये चिरडला जाईल. २०२४-२५ मध्ये ६६ पॉइंट्स, त्यात ६० असिस्ट, नवख्या डिफेन्समनचा असिस्टचा जुना रेकॉर्ड त्याने गाठला आणि काल्डर ट्रॉफी घरी नेली. त्याचा कोच कोण? मार्टिन सेंट लुई, स्वतः पाच फूट आठ, कोणी ड्राफ्टसुद्धा केला नव्हता आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. म्हणजे उंची बघूच नका असं नाही, बुटका पोरगा स्केटिंगमध्ये साधारण असेल तर अवघडच आहे, पण मार चुकवायची काहीतरी युक्ती त्याच्याकडे असेल, खांदे एकीकडे झुकवून दुसरीकडे निघून जाणं, जे हटसन प्रत्येक सामन्यात करतो, तर उंचीचे मार्क कापू नका.

ड्राफ्टचा नंबर किती धरायचा? पहिल्या वर्षी बऱ्यापैकी धरा, कारण स्काउट लोकांनी त्या पोराला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा प्रत्यक्ष बघितलेलं असतं. पण दरवर्षी त्याचं वजन कमी करत जा, तिसऱ्या वर्षी तो नंबर जवळजवळ विसरायचा. २०१२ चा पहिला नंबर नेल याकुपोव्ह, एनएचएलमध्ये एकूण १३६ पॉइंट्स करून रशियाला परतला. २०११ चा ५८ वा निकिता कुचेरोव्ह आणि २०१४ चा ७९ वा ब्रेडन पॉइंट, या दोघांवर टॅम्पाने दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले.

गोलींचं, म्हणजे गोलकीपरांचं, वेगळंच गणित आहे. गोली उशिरा पिकतो आणि कोणाला काही कळत नाही, हे टीमवाल्यांनाही लागू. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, हेलबक १३० वा, शेस्टरकिन ११८ वा, आणि शेस्टरकिन ड्राफ्टनंतर साडेपाच वर्षांनी न्यूयॉर्कसाठी पहिला सामना खेळला. टोरंटोकडे २००६ मध्ये दोन तरुण गोली होते, जस्टिन पोगी आणि टुका रास्क. पोगीने त्या वर्षी वर्ल्ड ज्युनियरमध्ये (२० वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) कॅनडासाठी तीन शटआउट दिले, म्हणजे तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, गोल्ड मिळवलं, सगळा देश त्याच्या नावाने नाचत होता. टोरंटोने रास्कला बॉस्टनला देऊन टाकलं. पोगी एनएचएलमध्ये सात सामने खेळला, रास्क २०१४ ला लीगमधला सर्वोत्तम गोली ठरला. म्हणून माझा नियम असा की गोली कितीही चमकत असला तरी त्याच दर्जाच्या सेंटर किंवा डिफेन्समनच्या खाली ठेवायचा, आणि वर्ल्ड ज्युनियर संपल्यावर दोन आठवडे यादीला हात लावायचा नाही. सात सामन्यांची स्पर्धा आहे ती, ख्रिसमसच्या सुट्टीत सगळे बघतात म्हणून मोठी वाटते.

आता प्रत्यक्ष यादी. एकपासून वीसपर्यंत थेट नंबर द्यायला बसू नका, आधी टियर, म्हणजे दर्जाचे गट, पाडा. प्रत्येक पोरापुढे दोन गोष्टी लिहा: सगळं नीट जमलं तर तो कुठवर जाईल (पहिल्या लाइनचा विंगर म्हणजे कडेचा आक्रमक खेळाडू, दुसऱ्या जोडीचा डिफेन्समन, असं स्पष्ट), आणि ते होण्याची शक्यता बरी, निम्मी की कमी. २०२५ च्या उन्हाळ्यातली माझी हॅब्सची यादी अशी होती: पहिल्या टियरमध्ये एकटा डेमिडोव्ह. दुसऱ्यात मायकल हेज, डेव्हिड राइनबाखर आणि जेकब फाउलर. तिसऱ्यात एंगस्ट्रॉम, बेक, कपानेन, झारोव्स्की. टियर बरोबर पडले की आतला क्रम थोडा इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. तो क्रम लावताना दोन-दोन पोरं समोरासमोर ठेवायची आणि एकच विचारायचं, उद्या दुसऱ्या टीमने हा देऊन तो मागितला तर मी देईन का? हेज की राइनबाखर? मी हेज म्हणालो, सेंटर आहे आणि मिशिगनमध्ये पहिल्याच वर्षी सामन्यामागे एक पॉइंट काढत होता.

राइनबाखरवरून दुखापतीचं आलंच. २०२३ चा पाचवा नंबर, २०२४ च्या प्रीसीझनमध्ये गुडघा गेला, ऑपरेशन झालं, जवळजवळ सगळा सीझन बाहेर, फेब्रुवारीत लावालला, हॅब्सच्या एएचएल टीमकडे, परतला. खूप लोकांनी त्याला खाली ढकललं. इथे विचारायचं की दुखापतीमुळे त्याच्याबद्दल काही नवीन कळलं का? एकदाच गुडघा गेला आणि परतल्यावर स्केटिंग तसंच दिसतंय तर नाही कळलं, वर्ष वाया गेलं एवढंच, म्हणून टियर तोच ठेवा आणि शक्यतेचा शिक्का एक पायरी खाली आणा. तीच जागा पुन्हा दुखावली किंवा डोक्याला मार बसला असेल तर मात्र वेगळा विचार करा. १९-२० वर्षांचं पोरगं परक्या देशात एकटं पुनर्वसन करत असतं, त्याला "फुकट गेला" म्हणायच्या आधी निदान त्याचे परतीनंतरचे सामने तरी बघा.

करार बघायला विसरू नका. किरिल कप्रिझोव्ह २०१५ ला १३५ वा गेला, मिनेसोटाला त्याची पाच वर्षं वाट बघावी लागली, आल्यावर २०२१ ची काल्डर जिंकली. ज्यांनी "येणारच नाही" म्हणून त्याला काढून टाकलं त्यांच्या यादीतून टीमचा सर्वोत्तम खेळाडूच गायब होता. रशियन पोराचा करार कधी संपतो ते शोधा आणि नावापुढे लिहा, पण त्यापायी दर्जा कापू नका. कॅनडाच्या ज्युनियरवाल्यांचं आता बदललंय, २०२५-२६ पासून ती पोरं अमेरिकन कॉलेजात खेळू शकतात, म्हणजे १९ वर्षांचा पोरगा ज्युनियरमध्ये कंटाळत बसण्याऐवजी २२-२३ वर्षांच्या माणसांविरुद्ध खेळेल, आणि मग त्याचे पॉइंट्स कमी झाले तर दचकू नका, लीग बदललीय.

यादी वर्षातून दोनदा करा, एकदा ड्राफ्ट आणि जुलैतले कॅम्प झाल्यावर, एकदा जानेवारीच्या शेवटी. प्रत्येक नावाखाली दोन ओळी कारण लिहा, आणि दुसऱ्यांच्या याद्या वाचायच्या आधी लिहा, एकदा वाचल्या की नकळत आपला क्रम त्यांच्यासारखा होत जातो. जुनी फाइल डिलीट करू नका, नवीन यादी तारीख टाकून वेगळी सेव्ह करा, म्हणजे २०३० ला उघडाल तेव्हा कोण वर गेला हे तर कळेलच पण तुम्ही कुठल्या प्रकारच्या पोराला सारखं वर ठेवता, दांडग्या डिफेन्समनला की चपळ विंगरला, हे त्या कारणांच्या ओळींतून दिसेल आणि पुढच्या यादीत तेवढं वजन काढून टाकता येईल.