दुखलं की डॉक्टर, थांबलं की मैदान: ठाणे-नवी मुंबईतल्या खेळणाऱ्यांनी या चुका टाळा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिची तयारी ठाण्यात उपवनच्या काठी आणि येऊरच्या चढावर, नवी मुंबईत पाम बीच रोडवर आणि पारसिक हिलला भर पावसातच सुरू होते. नडगी, गुडघा, टाच कुरकुरायला लागतात ते पाऊस सरल्यावर, आठवड्याचे किलोमीटर झपाट्याने वाढतात तेव्हा. यातल्या बहुतेक दुखापती पडून-आपटून झालेल्या नसतात. दम काही आठवड्यांत वाढतो. हाड आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) भक्कम व्हायला काही महिने लागतात. "आज मस्त वाटतंय, अजून पाच मारू" हा सल्ला फुप्फुसांचा असतो. नडगीला कोणी विचारलेलं नसतं.

स्पोर्ट्स मेडिसिनचा डॉक्टर या तफावतीवर काम करतो. कोणत्या अवयवाला किती भार झेपतो, तो कधी आणि किती वाढवायचा, हे तो तपासून सांगतो. पण बरेच जण त्याच्याकडे शर्यतीला तीन आठवडे उरले असताना जातात आणि "धावू का नको" एवढंच विचारतात. तोवर त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाणं

हाडांचे सर्जन, स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर आणि फिजिओ यांची कामं वेगळी आहेत. हाड मोडलं, सांधा निखळला, लिगामेंट (दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा) पूर्ण तुटलं, तर सर्जन. निदान, औषधं, तपासण्या, भाराचं नियोजन आणि मैदानावर परत कधी जायचं हा निर्णय स्पोर्ट्स मेडिसिनवाल्यांचा. व्यायाम शिकवणं, तो नीट करून घेणं आणि आठवड्यागणिक वाढवणं हे फिजिओचं. जिमच्या ट्रेनरने एमआरआयचा रिपोर्ट वाचून निदान करणं कोणाच्याच कामात बसत नाही.

जाताना मागच्या सहा-आठ आठवड्यांची नोंद न्या: कोणत्या दिवशी किती किलोमीटर, कोणत्या वेगाने, कोणत्या रस्त्यावर. घड्याळाच्या ॲपमधून ती दोन मिनिटांत निघते. वापरातले जुने बूट न्या, नवे नकोत. तळवा कुठे झिजलाय ते डॉक्टर बघतात. चालू औषधं आणि सप्लिमेंटचे डबे न्या. स्त्रियांनी पाळीच्या तारखा न्याव्यात, त्याचं कारण पुढे येईल. दुखत काहीच नसेल तरी हंगामाच्या सुरुवातीला एकदा जाणं सगळ्यात फायद्याचं. तेव्हा दोन्ही पायांतला फरक मोजता येतो. एका पायावर टाचा किती वेळा उचलता येतात (रोज धावणाऱ्याला २०-२५ जमाव्यात), एका पायावर बसताना गुडघा आत वळतो का, घोटा किती वाकतो. घोट्याची चाचणी घरीही होते. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटरवर असताना गुडघा टेकायला हवा. दोन पायांत दोन सेंटीमीटरचा फरक असेल, तर कमी वाकणाऱ्या बाजूच्या पोटरीवर आधी काम करा.

वय पस्तिशीच्या पुढे असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही असेल, तर गुडघ्याआधी हृदयाबद्दल बोला. श्रम करताना छातीत दाब वाटणं, धावता धावता भोवळ येणं, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं असणं, या तीनपैकी काहीही असेल तर ईसीजी आणि डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत धावणं बंद.

रविवारची लांब धाव एकदम वाढवणं

"आठवड्याला १० टक्के", म्हणजे अंतर त्याहून जास्त वाढवू नका, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण घोटाळा बहुतेकदा एकाच दिवशी होतो. आठवड्याची बेरीज जेमतेम १० टक्क्यांनी वाढते आणि रविवारी ग्रुपसोबत १२ ऐवजी १८ किलोमीटर होतात. म्हणून मागच्या ३० दिवसांत एका दमात सर्वाधिक किती धावलात ते बघा आणि पुढची लांब धाव त्यापेक्षा फार पुढे नेऊ नका. १२ असेल तर १३. ग्रुप वाशीहून बेलापूरला जाऊन परत येणार असेल, तर तुम्ही अर्ध्यातून वळा. लाज वाटायचं कारण नाही.

अंतर, वेग आणि चढ यांतली एकच गोष्ट एका वेळी वाढवा. येऊरचा चढ पोटरी आणि टाचेच्या टेंडनवर येतो, तर उतार मांडीवर आणि गुडघ्याच्या वाटीवर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पहिले तीन-चार आठवडे धावत चढा आणि चालत उतरा. दर चौथ्या आठवड्याला अंतर पाव ते एक तृतीयांशाने कमी करा.

आणखी एक अस्सल इथला प्रकार. गणपतीत आठ-दहा दिवस धावणं बंद पडतं आणि मग वेळापत्रकातला बुडलेला आठवडा भरून काढायची घाई होते. बुडलेला आठवडा बुडाला. थांबण्याआधीच्या आठवड्याच्या साधारण ७० टक्क्यांवरून परत सुरू करा. डेंग्यू किंवा फ्लूसारख्या तापानंतर तर धावायची परवानगी डॉक्टरांकडूनच घ्या. अंगात ताप असताना घाम गाळला की हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

नडगीचं प्रत्येक दुखणं 'शिन स्प्लिंट' समजणं

ही चूक महाग पडते. शिन स्प्लिंटमध्ये नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात, चार बोटांहून अधिक लांबीच्या पट्ट्यात दुखतं. सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की कमी होतं. हाडाला सूक्ष्म तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर असेल, तर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतं, धावत गेलं की वाढतं, आणि पुढे चालताना व रात्री झोपेतही ठणकतं. असं असेल तर "बघूया" म्हणून उड्या मारून तपासू नका, धावणं त्याच दिवशी थांबवा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून परत पळालेले लोक तडा वाढवून येतात. शंका असेल तर एमआरआय लागतो. जांघेत खोलवर दुखणं, नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर दुखणं, पावलाच्या वरच्या बाजूला मध्यभागी दुखणं, या तीन जागा वाट बघण्याच्या नाहीत. जांघेतलं दुखणं मांडीच्या हाडाच्या मानेतल्या तड्याचं असेल आणि तो सरकला, तर शस्त्रक्रिया टळत नाही.

तडे वारंवार येत असतील तर ताटाकडे बघावं लागतं. वजन कमी करायच्या नादात खाणं खर्चापेक्षा कमी पडलं, की शरीर आधी हाडांवर आणि हार्मोन्सवर काटकसर करतं. सलग तीन महिने पाळी न येणं ही व्यायाम 'लागू पडल्याची' खूण नाही, ती तपासणीची वेळ आहे. पुरुषांतही हे घडतं, फक्त पाळीसारखी उघड खूण नसते. पहाटे अंधारात धावून दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं, पण ६०,००० युनिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत.

ऑफिसातून थेट टर्फवर

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलचे टर्फ रात्री उशिरापर्यंत चालू असतात. दिवसभर खुर्चीत, मग तासभर लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये, आणि ११च्या स्लॉटला पहिल्याच चेंडूवर जीव तोडून एक रन. मांडीच्या मागचा स्नायू इथेच फाटतो. चाळिशीच्या आसपास टाचेचं टेंडनही तुटू शकतं. ते तुटताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर मागे कोणी नसतं. त्या माणसाला पालथं झोपवा, पावलं बाकाबाहेर लोंबू द्या आणि पोटरी दाबा. धडधाकट पायाचं पाऊल हलतं, तुटलेल्याचं हलत नाही. तो चालतोय म्हणून फसू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. उपचार आठवड्यांनी लांबला की टोकं दूर सरकतात.

स्लॉट तासाचा असतो आणि पैसे भरलेले असतात, त्यामुळे वॉर्म-अपला कोणी वेळ देत नाही. तो टर्फच्या बाहेर, पार्किंगमध्ये करा. तीन मिनिटं हलकं धावणं, मग पाय पुढे-मागे आणि बाजूला झुलवणं, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), एका पायावर तोल, शेवटी निम्म्या, पाऊण आणि जवळजवळ पूर्ण वेगाच्या दोन-दोन छोट्या धावा. दहा मिनिटं पुरतात. एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरणं खेळानंतर करा. खेळाआधी त्याने जोर कमी होतो. फुटबॉलवाल्यांसाठी 'फिफा ११+' हा १५ व्यायामांचा, सुमारे २० मिनिटांचा तयार क्रम आहे. आठवड्यातून दोनदा तरी नेमाने केला तरच उपयोग.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर बसा, सोबत्याला घोटे घट्ट धरायला सांगा, कंबर न वाकवता शक्य तितकं हळू पुढे झुका आणि शेवटी हातांवर पडा. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे २ संच. पुढे आठवड्यातून दोनदा, ६ ते ८ चे ३ संच. पहिल्याच दिवशी ३० केलेत तर चार दिवस खुर्चीत बसवणार नाही, आणि मग व्यायाम वाईट ठरतो.

मुरगळलेल्या घोट्याला मालिश

ओल्या पेव्हर ब्लॉकवर पाय मुरगळला की कोणीतरी तेल घेऊन येतंच. पहिले दोन-तीन दिवस मालिश आणि शेक दोन्ही नकोत, आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. एक्स-रे लागेल का, हे दोन गोष्टींवरून कळतं. चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या बाहेरच्या-आतल्या हाडाच्या मागच्या कडेला, टोकापासून सहा सेंटीमीटरपर्यंत दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावरचा उंचवटा दुखत असेल तरी काढा.

हाड शाबूत असेल तर क्रेप बँडेज, पाय उंच, कापडातून १०-१५ मिनिटं बर्फ. पण आठवडाभर खाटेवर पडून राहू नका. सोसेल तितकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चाला. आणि सूज उतरल्यावर जे कोणीच करत नाही ते करा: एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणं, आधी डोळे उघडे, मग मिटून, रोज पाच वेळा, निदान सहा आठवडे. घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो तो बहुधा हे वगळल्यामुळे.

गोळी घेऊन धावणं

लांब धावेआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी दुखणं थांबवणारी गोळी घेणं ही वाईट सवय आहे. घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात, शिवाय थांबायचा इशारा बंद करतात. पाण्याचा अंदाज वजनावरून घ्या. तासभर धावण्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. ८०० ग्रॅम घटलं आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर घाम ताशी १.१ लिटर. तेवढंच पाणी भरून काढायची गरज नसते, पण धावून वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पीत आहात. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम घटतं. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण दिसलं तर अजून पाणी पाजू नका, रुग्णालयात न्या.

दुखणं थांबलं की पूर्ववत

सूज आणि वेदना आधी जातात, ताकद मागाहून येते. डॉक्टर याच फटीत तुम्हाला अडवतात आणि याच फटीत त्यांचं ऐकलं जात नाही. साधा मापदंड असा: व्यायाम करताना वेदना १० पैकी ३ पर्यंत चालेल, पण २४ तासांत ती मूळ पातळीवर यायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं जास्त अडखळली, तर कालचा भार जास्त होता; एक पायरी मागे या. धावणं सुरू करताना आधी ३० मिनिटं वेदनेशिवाय भरभर चालता यायला हवं. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं दहा वेळा, एक दिवसाआड.

गुडघ्याच्या एसीएलची (सांधा आतून धरून ठेवणाऱ्या लिगामेंटची) शस्त्रक्रिया झाली असेल, तर दिशा बदलण्याच्या खेळांत नऊ महिन्यांआधी परतू नका. नऊ महिने झाले म्हणूनही आपोआप परतू नका. एका पायावरची लांब उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी.

अकादमीतली मुलं

१३ ते १७ वयाच्या वेगवान गोलंदाजाची पाठ दुखणं हे 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडू नका. उजव्या हाताने टाकणाऱ्याची कमरेची डावी बाजू दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर मणक्याच्या हाडातला तडा असू शकतो. गोलंदाजी बंद करा आणि दाखवा. शाळेचा संघ, अकादमीचं नेट, सोसायटीचा सामना असे तीन प्रशिक्षक तीन ठिकाणी चेंडू मोजतात आणि बेरीज कोणीच करत नाही. ती वही घरात ठेवा, नेटमधले चेंडूही त्यात लिहा.

मूल जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळत असेल, तर सर्दीचं औषधही विचारून घ्या. स्यूडोएफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे स्पर्धेच्या वेळी डोपिंगच्या बंदीत येतं, आणि २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडचं कोणतंही इंजेक्शन, सांध्यातलं सुद्धा, बंद आहे. उपचारासाठी ते लागणारच असेल, तर परवानगीचा अर्ज कधी करायचा हे डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधी विचारा, आणि चिठ्ठी व रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा.