शाळेचं काम नवरात्रीआधी: बडोद्याहून लिबरल आर्ट्स कॉलेजला अर्ज करताना

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांबद्दल बडोद्यातली मुलं हल्ली मला बरंच विचारतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न निबंधाचा असतो. निबंध महत्त्वाचा आहेच. पण आपल्याकडचे अर्ज कच्चे राहतात ते सहसा शाळेच्या पत्रांत आणि घरच्या उत्पन्नाच्या कागदांत. ही दोन्ही कामं मोठ्यांच्या हातातली, म्हणून त्यांना वेळ लागतो. मी दांडिया बाजारात वाढले, इथूनच अर्ज केला आणि अशाच एका कॉलेजातून पदवी घेतली. त्यामुळे आधी याच दोन गोष्टींवर लिहिते.

थोडी तोंडओळख करून देते. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, ग्रिनेल, स्मिथ ही सगळी लहान कॉलेजं. भर पदवीच्या शिक्षणावर, वर्ग छोटे, आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा. अर्ज कॉमन अ‍ॅपवरून होतो, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवता येतो अशा वेबसाइटवरून; तो १ ऑगस्टला उघडतो. अर्ली डिसिजनची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, रेग्युलरची, म्हणजे नेहमीच्या फेरीची, जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच येईन असा शब्द देणं. आर्थिक मदत पुरेशी नसेल तरच त्यातून मोकळं होता येतं.

नोव्हेंबरची ही मुदत आपल्याला नेमकी अडचणीची. नवरात्रीत सगळं गाव गरब्यात असतं, पाठोपाठ दिवाळीची जवळजवळ तीन आठवड्यांची सुट्टी. शाळेला कुलूप, सर बाहेरगावी. म्हणून शाळेकडचं सगळं नवरात्रीआधी उरकून घ्या.

शाळेकडून लागतं ते असं: नववीपासूनचे गुण, शाळेची ओळख करून देणारं एक पान, बारावीचे अपेक्षित गुण (कॉलेजचा निर्णय मार्चअखेर येतो, बोर्डाचा निकाल त्यानंतर), काउन्सेलरचं (मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराचं) पत्र आणि साधारण दोन विषयशिक्षकांची पत्रं. आपल्या बऱ्याच शाळांत काउन्सेलर नसतो. ते काम प्रिन्सिपॉल करू शकतात. पत्रं मागणारा मेल कॉमन अ‍ॅपकडून येतो, आणि शाळेचा ईमेल पुष्कळदा ऑफिसातले क्लार्कच उघडतात. त्यांना आधी भेटा, कोणत्या नावाने मेल येईल ते कागदावर लिहून द्या.

शिक्षकांच्या पत्रावर मात्र मनापासून वेळ घालवा. आपल्या सरांना दाखल्याची भाषा सवयीची असते: विद्यार्थिनी आज्ञाधारक, कष्टाळू, वर्तन उत्तम. तिथे वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. त्याला हवं असतं की ही मुलगी वर्गात काय विचारते, चुकल्यावर काय करते. पत्र सर स्वतः अपलोड करतात आणि ते बघण्याचा हक्क आपण सोडून द्यायचा असतो, म्हणजे मजकूर सांगता येत नाही. पण आठवण करून देता येते. मी गणिताच्या सरांना एक पान लिहून दिलं होतं: प्रमेयाची दुसरी सिद्धता फळ्यावर मांडताना मी मध्येच अडकले आणि दुसऱ्या दिवशी ती पुरी करून आणली, तो प्रसंग; मधल्या सुट्टीत नववीच्या मुलींना बीजगणित शिकवायचे, ते. सर म्हणाले, ‘‘बरं झालं बेटा, एवढ्या मुलांत हे कुठलं लक्षात राहायला!’’

जेईईच्या क्लाससाठी डमी शाळेत (जिथे नाव नुसतं पटावर असतं, वर्गाला जायचं नसतं) नाव घालणार असाल तर हे आधीच ध्यानात घ्या. जिथे शिक्षकांनी तुम्हाला पाहिलेलंच नाही, तिथून असं पत्र येणार कुठून?

आता पैसे. परदेशी मुलांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं प्रवेश ठरवतानाच बघतात की घर किती देऊ शकतं. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन अशी मोजकीच कॉलेजं ते बघत नाहीत. तरी मदत हवी असेल तर पहिल्याच अर्जात मागा; पुष्कळ ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला ती नंतर मागता येत नाही. पुष्कळ घरांत मदत मागायला संकोच वाटतो. त्यांना मी सांगते की १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर.

बरीच कॉलेजं यासाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा ऑनलाइन फॉर्म, भरायला लावतात. आकडे रुपयांत देता येतात. खरी गुंतागुंत एकत्र कुटुंबाची: वाडा अजून आजोबांच्या नावावर, दुकान बाबा आणि काका मिळून चालवतात, हिस्से कागदावर नाहीत. असं असेल तर अंदाजाने आकडा ठोकू नका. विशेष परिस्थिती सांगायला जागा असते, तिथे कोण कुठे राहतं, कुणाचं किती, आजीच्या औषधांचा खर्च कोण करतं, हे सरळ लिहा. आयकर रिटर्न बाबांबरोबर बसून वाचा, आणि गुजराती कागदांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

निबंध ६५० शब्दांपर्यंत. विषय मोठा हवा असं मुळीच नाही. उपक्रमांना १० जागा आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, रिकाम्या जागांसकट. ‘मल्लखांबाची आवड’ लिहून जागा दवडू नका; ‘रोज पहाटे आखाड्यात सराव, रविवारी लहान मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते’ असं लिहा. घरात धाकट्या भावंडांना सांभाळणं, दुकानाचा हिशेब लिहिणं, हेही उपक्रमच आहेत, आपली मुलं ते विनाकारण गाळतात.

मदतीचं पत्र आलं की एकूण आकड्यावर खूश होऊ नका. त्यात अनुदान किती, कर्ज किती, कॅम्पसवर काम करून मिळवायचे किती, हे वेगळं काढा. विमानाचं तिकीट आणि आरोग्यविमा धरलाय का ते विचारा. रेग्युलरवाल्यांना उत्तर बहुधा १ मेपर्यंत द्यायचं असतं, तोवर रक्कम वाढवून मागायला हरकत नसते. घरची परिस्थिती बदलली असेल तर कागद जोडून नम्रपणे लिहा. त्यानंतर कॉलेज आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) पाठवतं, सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची, फी भरायची आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबई गाठायची. अधिकाऱ्याने विचारलं की हेच कॉलेज का, तर त्याचं उत्तर तुमच्या अर्जातच असतं. जाण्याआधी तो एकदा वाचून जा.