सॉलिड-स्टेट सेलमध्ये इलेक्ट्रोड नीट टेकत नाही? या चुका टाळा

द्रव इलेक्ट्रोलाइट (इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणारा पदार्थ) आपोआप फटीत शिरतो, घन शिरत नाही. हे विसरून लोक थेट नवं रसायन शोधायला निघतात. आधी पृष्ठभाग बघा.

सर्वाधिक सेल हवेने मारलेले असतात. गार्नेटची (एलएलझेडओ नावाचा सिरॅमिक घन इलेक्ट्रोलाइट) चकती उघडी राहिली की ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडमुळे तिच्यावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एका विद्यार्थ्याने छान पॉलिश केलेल्या चकत्या सुट्टीभर टेबलावर ठेवल्या आणि परतल्यावर इलेक्ट्रोडसाठी लिथियम वितळवून एकीवर लावलं. थेंब अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळला. पठ्ठ्याने तापमान वाढवलं. मग दाब वाढवला. मग चकती बदलली, तीही त्याच ढिगातली! शेवटी उरलेल्या चकत्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) कोरड्या घासल्या, आर्गॉनमध्ये 400 ते 500 अंश सेल्सिअसवर तापवल्या आणि बाहेर न काढता लिथियम लावलं. लगेच पसरलं. हा थर काढला तर इंटरफेसचा (दोन घन टेकतात त्या जागेचा) रोध शेकडो ओम·सेमी² वरून एक आकडी होऊ शकतो. पॉलिश कधी केलं ते मी चकतीच्या डबीवरच लिहून ठेवतो. लिथियमची पट्टीसुद्धा चकाकेपर्यंत खरवडा. काळपट पट्टी लावणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही.

दुसरी खोड म्हणजे 'अजून दाबा'. सल्फाइडची (हाही एक घन इलेक्ट्रोलाइट) पूड शेकडो मेगापास्कलने दाबतात ते ठीक, पण लिथियम लावण्याआधी. लिथियम मऊ असतं. ते एक मेगापास्कलच्या आतच रूप बदलू लागतं. सल्फाइड सेलमध्ये 5 मेगापास्कलला नीट चालणारं लिथियम 75 ला चार्जिंगपूर्वीच इलेक्ट्रोलाइटमध्ये घुसून शॉर्ट झाल्याचं प्रयोगांत दिसलंय. उलट, डिस्चार्ज जोरात केला, तर लिथियम निघून जातं तेवढ्या वेगाने मागून भरून येत नाही. पोकळ्या पडतात, उरलेल्या ठिपक्यांवर प्रवाह एकवटतो आणि पुढच्या चार्जला तिथूनच डेंड्राइट (लिथियमचे काटे) सुरू होतात. अशा वेळी पाना आवळू नका, करंट कमी करा. उतावळ्यांना हेच जमत नाही.

सल्फाइडसोबत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचं कॅथोड) उघडं वापरू नका. लिथियम नायोबेटचा काही नॅनोमीटरचा लेप हवाच. आणि सल्फाइडला ओल लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो विषारी असतो.

गार्नेट आणि कॅथोड एकत्र भाजताना तापमान चढवत नेलं, तर संपर्क सुधारतो पण मूलद्रव्यं एकमेकांत मिसळून रोधक थर तयार होतो.

इम्पीडन्सच्या (एसी प्रवाहाला होणाऱ्या रोधाच्या) आलेखातलं प्रत्येक अर्धवर्तुळ इंटरफेसचं नसतं. दोन्ही बाजूंना लिथियम असलेला सेल आधी मोजा, कॅथोडचं नंतर बघू.